व्हिडिओ समजतो, कोरी फाइल अडते

आकुर्डी, निगडी, तळवडे, मोशी या भागात कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलामुलींशी वेब डेव्हलपमेंटविषयी बोलायला बसलं की थोड्याच वेळात एक वाक्य येतंच: "व्हिडिओ बघताना सगळं समजतं, पण स्वतः करायला घेतलं की काही सुचत नाही." बोलणारं कोणी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला असतं, कोणी बीसीएला, कोणी बीएस्सी उरकून चाकणला फर्स्ट शिफ्टला जाणारं आणि संध्याकाळी रूमवर येऊन लॅपटॉप उघडणारं. एचटीएमएल झालेलं असतं, सीएसएस झालेलं असतं, जावास्क्रिप्टचा कोर्स निम्म्यावर आलेला असतो आणि रिॲक्टचा कोर्स ऑफर होती म्हणून आधीच विकत घेऊन ठेवलेला असतो. तरीही नवी फाइल उघडली की पहिली ओळ लिहिता येत नाही. मग दुसरा व्हिडिओ लावला जातो. असे महिने जातात, आणि हळूहळू मनात बसतं की हे आपल्याला जमणारं नाही.

जमणारं आहे, हे मी धीर देण्यासाठी म्हणत नाही. हे अडकणं कुठून येतं ते नीट पाहिलं, तर त्यातला बराचसा भाग तुमच्या बुद्धीशी संबंधित नाही हे दिसतं. पुढं काय शिकायचं हे रोडमॅपवरून ठरवणं थांबवा आणि ओळखीचं, खरं, लहान काम हातात घेऊन त्याच्यावरून ठरवा, एवढंच मला सांगायचं आहे. भोसरी ते चाकण पट्ट्यात अशा कामांना तोटा नाही.

अडकतं कुठं?

व्हिडिओ बघून केलेल्या प्रोजेक्टमध्ये सगळे निर्णय शिकवणाऱ्यानं आधीच घेतलेले असतात. पानावर काय असावं, माहिती कशी मांडावी, आधी काय लिहावं, कुठं थांबावं. आपण फक्त टाइप करतो. टाइप करताना प्रत्येक ओळ पटते, म्हणून समजल्यासारखं वाटतं. पण कोऱ्या फाइलसमोर लागतं ते निर्णय घेण्याचं कसब, आणि त्याचा सराव एकदाही झालेला नसतो. नेटफ्लिक्सची नक्कल, शॉपिंग साइटची नक्कल, टू-डू लिस्ट हे सगळं करूनही तो होत नाही, कारण त्यामागची गरज तुमची नसते आणि तुमच्या ओळखीच्या कोणाचीही नसते. बरोबर झालं की चुकलं हे सांगणारं माणूसच तिथं नसतं.

दुसरं कारण या क्षेत्राच्या इतिहासात आहे. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत वेबची कल्पना मांडली ती शास्त्रज्ञांना कागदपत्रं एकमेकांना दाखवता यावीत म्हणून. जावास्क्रिप्टची पहिली आवृत्ती ब्रेंडन आइक यांनी १९९५ च्या मे महिन्यात नेटस्केप कंपनीत दहा दिवसांत लिहिली. घाईत झालेल्या त्या कामातल्या काही विचित्र गोष्टी आजही तशाच आहेत, कारण त्या बदलल्या तर जगभरातली जुनी पानं बंद पडतील. सीएसएसमध्ये एखादी चौकट पानाच्या मधोमध आणायला लोकांनी वर्षानुवर्षं फ्लोट आणि टेबलच्या कसरती केल्या. ग्रिड मोठ्या ब्राउझरांमध्ये आलं ते २०१७ साली. म्हणजे २०१५ चा व्हिडिओ पाहून तुम्ही मांडणी शिकत असाल, तर आता फारसं कोणी वापरत नाही अशी कसरत तुम्ही बहुधा शिकताय.

रिॲक्टचंही तेच. ते २०१३ साली आलं, २०१९ मध्ये हुक्स आल्यावर लिहिण्याची पद्धतच बदलली, आणि बहुतेक जुन्या कोर्समध्ये पहिल्याच धड्यात चालवायला सांगतात ते क्रिएट रिॲक्ट ॲप रिॲक्टच्या टीमनंच फेब्रुवारी २०२५ मध्ये निवृत्त केलं. कोर्सप्रमाणे जशीच्या तशी कमांड दिली आणि पडदा लाल इशाऱ्यांनी भरला, तर त्यात तुमचं काही चुकलेलं नसतं. कोणताही व्हिडिओ लावण्याआधी त्याची तारीख बघायची सवय लावून घ्या. शंका आली की मोझिलाचं एमडीएन हे संदर्भस्थळ उघडा. तिथली इंग्रजी पहिल्या आठवड्यात जड जाते, मराठी माध्यमातून आलेल्यांना जास्तच. पण ठरावीक शंभरेक शब्द पुन्हा पुन्हा येतात. ते वहीत मराठी अर्थासह लिहून ठेवले की वाचनाला वेग येतो.

एक रजिस्टर घ्या

या पट्ट्यातल्या बहुतेक मुलांच्या घरात किंवा शेजारी कोणीतरी वर्कशॉपमध्ये, स्टोअरमध्ये, क्वालिटीत, डिस्पॅचला काम करतं. वडील, काका, मामा, रूममेटचा भाऊ. भोसरीत एमआयडीसीची सुट्टी गुरुवारी असते. त्या दिवशी चहाच्या वेळी त्यांच्याजवळ बसा आणि एवढंच विचारा: "तुमच्याकडे असं कोणतं रजिस्टर आहे, ज्यात बघायचं राहून गेलं तर बोलणी खावी लागतात?" उत्तरं लगेच येतात. जॉबवर्कला गेलेल्या मालाचं चलन परत आलं की नाही. स्टोअरमधून कोणी कोणतं टूल नेलं. कँटीनची कुपनं. कॉन्ट्रॅक्टच्या मुलांचे ओव्हरटाइमचे तास. गेजचं कॅलिब्रेशन.

यातलं शेवटचं मी इथं सविस्तर घेतो, कारण सुरुवातीच्या माणसाला ते मापात बसतं. गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या प्रत्येक शॉपमध्ये व्हर्निअर, मायक्रोमीटर, प्लग गेज, थ्रेड गेज, डायल असतात. ती साधनं बरोबर माप देतात की नाही हे ठरावीक मुदतीनं तपासून घ्यावं लागतं. तपासून आलेल्या गेजवर स्टिकर असतं आणि त्यावर पुढची ड्यू डेट. मोठ्या कंपनीचा माणूस ऑडिटला आला आणि मुदत संपलेलं एखादं गेज लाइनवर सापडलं, की एनसी (नॉन-कन्फॉर्मन्स, म्हणजे त्रुटीची नोंद) लागते. मग क्वालिटीच्या माणसाची धावपळ. हे सगळं तो एका रजिस्टरमध्ये किंवा एक्सेलमध्ये सांभाळत असतो.

"एक्सेलमध्ये होतंय तर वेबपेज कशाला?" असं तुम्हाला कोणीतरी विचारेल. शिकणाऱ्यासाठी तोच फायदा आहे. बरोबर उत्तर काय असायला हवं हे आधीच माहीत असलेलं काम तुम्ही घेतलंय. तुमच्या पानानं सात गेज ड्यू दाखवली आणि रजिस्टरमध्ये नऊ निघाली, तर चूक पानात आहे हे कोणाला विचारायची गरज उरत नाही.

लॅपटॉप उघडायच्या आधी कागद घ्या. वर मराठीत एक वाक्य लिहा: "पान उघडल्यावर मुदत संपलेली गेज सगळ्यात वर लाल दिसली पाहिजेत, पंधरा दिवसांत संपणारी त्याखाली पिवळी." त्याखाली पाच रकाने आखा: गेज नंबर, नाव, रेंज, शेवटचं कॅलिब्रेशन, पुढची तारीख. त्यात पाच-सहा ओळी भरा. खऱ्या कंपनीचे नंबर, ग्राहकाचं नाव, ड्रॉइंग यातलं काहीही वापरू नका. या भागातल्या काही कंपन्या गेटवर मोबाइलच्या कॅमेऱ्याला स्टिकर लावतात ते उगाच नाही, आणि तुमच्या प्रोजेक्टमुळे मामाला मॅनेजरसमोर उभं राहावं लागू नये. नंबर बनावट ठेवले तरी काम तेवढंच खरं राहतं.

आता तो कागद जसाच्या तसा एचटीएमएलच्या टेबलमध्ये हातानं उतरवा. रंग नाही, फाँट नाही, जावास्क्रिप्ट नाही. पहिला दिवस इथंच संपवा. अनेकांना हे फार किरकोळ वाटतं आणि ते थेट डॅशबोर्ड काढायला जातात, तिथंच पुन्हा अडकतात.

दुसऱ्या बैठकीत त्याच ओळी टेबलमधून काढून जावास्क्रिप्टच्या ॲरेमध्ये ठेवा, प्रत्येक गेज एक ऑब्जेक्ट, आणि लूप फिरवून टेबलच्या ओळी तयार करा. पडद्यावर कालच्यासारखंच दिसेल. पण आता सातवं गेज वाढवायला एचटीएमएलला हात लावावा लागत नाही. ॲरे आणि ऑब्जेक्ट कशासाठी असतात हे कोर्समध्ये ऐकलेलं असतंच, इथं ते तुमच्या उपयोगी पडलेलं असतं. महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या डिप्लोमात क्लायंट साइड स्क्रिप्टिंग हा विषय झालेल्यांना यातलं काहीच नवीन नाही. प्रॅक्टिकलच्या फाइलमध्ये हे सगळं एकदा लिहून झालेलं आहे, फक्त कोणत्या कामासाठी ते कोणी सांगितलेलं नसतं.

मग येते तारीख. इथं तुम्ही अडकणार, आणि अडकणं चांगलं आहे.

सप्लाय येतोय का?

रजिस्टरमध्ये तारीख लिहिलेली असते ०५/०६/२०२५. आपल्यासाठी ही ५ जून. जावास्क्रिप्टच्या डेटला ती तशीच दिली, तर क्रोममध्ये तिची ६ मे होते, कारण तिथं अमेरिकी पद्धतीनं महिना आधी वाचला जातो. कोणताही एरर येत नाही. पान छान दिसतं आणि खोटं सांगतं. पुढच्या ओळीतली २५/०६/२०२५ ही तारीख दिली की उत्तर येतं "इनव्हॅलिड डेट", कारण पंचविसावा महिना नसतो. म्हणजे काही तारखा चुकीच्या निघतात, काही निघतच नाहीत, आणि काही, जसं ०६/०६/२०२५, योगायोगानं बरोबर येतात. असा प्रकार समोर आला की नवशिक्या माणसाचा धीर सुटतो. तो सगळा कोड उचलून चॅटजीपीटीत टाकतो किंवा फाइल बंद करतो.

मशिन बंद पडल्यावर मेंटेनन्सचा जाणता फिटर काय करतो ते या पट्ट्यात तुम्ही पाहिलं असेल, नसेल तर घरच्यांना विचारा. तो येऊन सगळं मशिन खोलत नाही. आधी बघतो, सप्लाय येतोय का. येत असेल तर पॅनेलपर्यंत पोचतोय का. तिथवर ठीक असेल तर सेन्सर सिग्नल देतोय का. प्रत्येक टप्प्यावर टेस्टर लावून तो निम्मं मशिन संशयातून काढून टाकतो. तुमचा टेस्टर म्हणजे कन्सोल. ब्राउझरमध्ये एफ १२ दाबा आणि क्रमानं बघत जा. ॲरेतली तारीख लूपपर्यंत जशी लिहिली तशीच पोचतेय का? छापून बघा. पोचतेय. डेटमध्ये रूपांतर झाल्यावर काय होतंय? छापून बघा. मे! म्हणजे बिघाड या दोन टप्प्यांच्या मध्ये आहे. तुलना, सॉर्टिंग, रंग, सीएसएस यातल्या कशालाही हात लावायची गरज नाही.

जागा सापडल्यावर उपाय फार अवघड राहत नाही. तारीख तिरप्या रेघेवर तोडायची, तीन तुकडे करायचे आणि डेटला वर्ष, महिना, दिवस असे वेगवेगळे द्यायचे. ते केल्यावर दुसरी खोड भेटते: जून दिला तर जुलै येतो. जावास्क्रिप्टमध्ये महिने शून्यापासून मोजतात, जानेवारी म्हणजे ०, जून म्हणजे ५. ही पद्धत १९९५ मध्ये त्या वेळच्या जावा भाषेतून जशीच्या तशी उचललेली आहे. दिवस मात्र १ पासूनच. म्हणून महिन्यातून एक वजा करायचा.

ते झालं की तिसरी खोड. ज्या गेजची मुदत आजच आहे ते गेज पान लाल दाखवतं. कारण तुमच्या तारखेला वेळ नाही, म्हणून ती मध्यरात्रीची धरली जाते, आणि "आत्ता" म्हणजे सकाळचे दहा. दहा वाजता मध्यरात्र उलटून गेलेली असते. आता इथं ठरवायचं कोणी? प्रोग्रामरनं नाही. क्वालिटीच्या माणसाला फोन करायचा: "काका, स्टिकरवर आजची तारीख असेल तर ते गेज आज वापरायचं की बाजूला ठेवायचं?" ते सांगतील तसा कोड. सॉफ्टवेअरचा धंदा रोज अशाच फोनवर चालतो, आणि तुम्ही शिकत असतानाच तो करायला लागलात.

शॉपमध्ये व्हाय-व्हाय ॲनालिसिसचा कागद भरतात. टोयोटात रुजलेली ती पद्धत आज या भागातल्या छोट्या व्हेंडरकडेही पोचली आहे. पाच वेळा "का" विचारत मुळाशी जायचं. त्याच मापाची एक वही तुम्ही ठेवा. बिघाड काय दिसला, कुठं सापडला, का झाला, पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं. शेवटच्या रकान्यात मजा आहे. तारीख चुकीची टाइपच होऊ नये म्हणून फॉर्ममध्ये साध्या टेक्स्टच्या जागी डेटचा इनपुट ठेवला, तर कॅलेंडर उघडतं आणि सगळ्या तारखा एकाच साच्यात मिळतात. लाइनवर याला पोका-योके म्हणतात. जॉब उलटा बसणारच नाही असं फिक्स्चर करायचं. वडिलांना हे दाखवा. तुम्ही दिवसभर लॅपटॉपवर काय करता हे त्यांना बहुधा पहिल्यांदा कळेल.

एरर वाचण्याबद्दल एक सांगायलाच हवं. लाल अक्षरं दिसली की डोळे आपोआप दुसरीकडे वळतात, पण बहुतेक वेळा उत्तर तिथंच असतं. समजा कन्सोल म्हणतोय, "कॅनॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ नल, रीडिंग ॲड-इव्हेंट-लिसनर". साध्या मराठीत: ज्या बटणाला तुम्ही क्लिक जोडायला गेलात ते बटण मला सापडलं नाही. मग दोनच प्रश्न उरतात. आयडीचं स्पेलिंग दोन्हीकडे सारखं आहे का, आणि स्क्रिप्ट पानाच्या आधी तर चालत नाही ना. दुसरं असेल तर वेगळ्या फाइलमधल्या स्क्रिप्टच्या टॅगला डिफर लिहा. शेवटी फाइलचं नाव आणि ओळीचा नंबरही दिलेला असतो. आधी तो नंबर बघा.

पान मागेल ते शिका

पुढची पायरी आता पान स्वतःच सुचवायला लागतं. नवं गेज भरायला फॉर्म लागतो. फॉर्ममध्ये भरलेलं पान रिफ्रेश केलं की जातं, म्हणून लोकल स्टोरेज शिकावं लागतं. लोकल स्टोरेज फक्त मजकूर साठवतं, म्हणून जेसन कळतं. मग पान गिटहब पेजेसवर फुकट चढवायचं, त्यासाठी गिटच्या चार-पाच कमांड. ते मोबाइलवर उघडल्यावर टेबल उजवीकडे बाहेर पळतं, म्हणून सीएसएस पुन्हा नीट शिकावी लागते, या वेळी कारण माहीत असताना. मजकूर मराठीत ठेवला असेल तर एक्टाइप यांचा मुक्त परवान्यावरचा मुक्ता फाँट लावा आणि पानाची भाषा एमआर अशी नोंदवा.

मग एक दिवस मामा म्हणतात, "ऑफिसच्या कॉम्प्युटरवर भरलेलं गेज माझ्या मोबाइलवर का दिसत नाही रे?" सर्व्हर आणि डेटाबेस कशाला लागतात याचं यापेक्षा चांगलं उत्तर कुठल्याही कोर्समध्ये मिळणार नाही. लोकल स्टोरेज त्या एका ब्राउझरपुरतं असतं, आणि कोणी ब्राउझरचा डेटा साफ केला की तेही गेलं. सगळ्यांना एकच यादी दिसायची तर ती एका जागी ठेवावी लागते. तुमच्या अभ्यासक्रमात पीएचपी आणि मायएसक्यूएल असेल तर तेच घ्या. नोड शिकलेले असाल तर नोड घ्या. जावा आवडत असेल तर जावा. या टप्प्यावर कोणतं घेतलं यानं फारसं बिघडत नाही. तीन भाषांमध्ये तीन अर्धवट गोष्टी ठेवल्या तर मात्र बिघडतं. रिॲक्टची वेळ येईल ती पानावर इतके भाग झाल्यावर, की एक बदलला की दुसरा हातानं बदलायचा राहून जातो. तो त्रास एकदा सोसलेल्या माणसाला रिॲक्ट कशासाठी आहे हे समजावून सांगावं लागत नाही.

लॅपटॉप जुना, चार जीबी रॅमचा असेल तर काळजी नको. वर सांगितलेलं सगळं, सर्व्हर सोडून, एक एडिटर आणि ब्राउझरचा एक टॅब एवढ्यात होतं. एडिटर आणि गिट सोडता काही इन्स्टॉल करावं लागत नाही. मोबाइलच असेल तर विचार कागदावर करा आणि टाइप कॉलेजच्या लॅबमध्ये. प्रॅक्टिकलनंतर रिकामी लॅब वापरू का, असं विचारणाऱ्या विद्यार्थ्याला शिक्षक सहसा नाही म्हणत नाहीत. शिफ्ट करून शिकणाऱ्यांनी वेळेचा हट्ट धरू नये. सेकंड शिफ्ट असेल तर सकाळचा एक तास, व्हिडिओ बंद ठेवून. उठण्याआधी फाइलच्या वरच कॉमेंटमध्ये एक ओळ मराठीत लिहा: "उद्या इथून: पिवळा रंग लागत नाहीये, पंधरा दिवसांची वजाबाकी तपास." दोन दिवस खाडा झाला तरी तिसऱ्या दिवशी धागा सापडतो.

विचारायचं कसं

अर्धा-पाऊण तास स्वतः झटापट करून झाली की विचारा. दोन-दोन दिवस एकट्यानं कुढत बसण्यात काही मोठेपणा नाही. पण विचारणं नीट हवं. "दादा कोड चालत नाहीये, बघ ना" आणि सोबत पडद्याचा तिरका फोटो, असा मेसेज आल्यावर नोकरीवाला सीनियर तो नंतर बघू म्हणून ठेवतो आणि विसरतो. त्याऐवजी असं लिहा:

"दादा, गेजची यादी तारखेप्रमाणे लावायची आहे. ५ जूनचं गेज मे महिन्यात दिसतंय. कन्सोलवर पाहिलं, ॲरेमध्ये तारीख बरोबर आहे, डेटमध्ये टाकल्यावर बदलते. दिवस आणि महिन्याची अदलाबदल होत असेल का? कोडची लिंक खाली देतेय, ओळ २२. घाई नाही, वेळ मिळाला की सांग."

असा मेसेज लिहिता लिहिताच निम्म्या वेळा उत्तर सापडतं. नाही सापडलं तरी दादाला दोन मिनिटांत सांगता येतं, आणि तुम्ही काम करणारी मुलगी आहात हे त्याच्या लक्षात राहतं.

एआयलाही असंच विचारा. चॅटजीपीटी २०२२ च्या अखेरीस आलं आणि तेव्हापासून पूर्ण पान लिहून मागणं सोपं झालं आहे. शिकत असताना ते मागू नका. त्याला सांगा, "कोड देऊ नकोस, हा एरर का येतो ते समजाव." त्यानं दिलेली एखादी ओळ वापरलीत, तर चॅट बंद करून ती ओळ काय करते ते वहीत मराठीत लिहून बघा. लिहिता आलं नाही, तर ती ओळ काढून टाका.

आणि एक गोष्ट कोडची नाही. घरून पैसे येतात, वडिलांची नोकरी कॉन्ट्रॅक्टवर असते, बहिणीचं शिक्षण थांबलेलं असतं, ग्रुपवर कोणीतरी ऑफर लेटरचा फोटो टाकतं. या ओझ्याखाली झोप उडाली, जेवण जाईना, सगळं व्यर्थ वाटायला लागलं, तर ते जावास्क्रिप्टनं सुटणारं नाही. जवळच्या माणसाशी बोला, आणि टेली-मानस या केंद्र सरकारच्या सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, फुकट आहे. मराठीत बोलता येतं.

फी, दाखला आणि नोकरी

नोकरीची अनिश्चितता म्हणजे मनाचे खेळ नाहीत, ती खरी आहे. २०२१-२२ मध्ये आयटी कंपन्यांनी फ्रेशर्सना भरभरून घेतलं आणि पुढं हात आखडला. २०२३-२४ या एका वर्षात टीसीएसची कर्मचारीसंख्या १३ हजारांहून जास्त घटली. त्यामुळे हिंजवडीच्या एखाद्या मोठ्या कंपनीत बॅचच्या बॅच जाण्यावर सगळी भिस्त ठेवू नका. भोसरी, तळवडे, चाकण इथल्या उत्पादन कंपन्यांना आणि त्यांच्यासाठी काम करणाऱ्या लहान सॉफ्टवेअर फर्मना शॉपची भाषा कळणारी मुलं हवी असतात. चलन, रिजेक्शन, रिवर्क, एनसी हे शब्द ज्याला समजावून सांगावे लागत नाहीत असा वेब डेव्हलपर पुण्याच्या बाहेरून आणणं सोपं नाही. तुम्ही त्याच शब्दांत वाढलेले आहात.

शंभर टक्के प्लेसमेंटच्या पाट्या लावणाऱ्या क्लासमध्ये पैसे भरण्याआधी तीन गोष्टी मागा: फी हप्त्यांनी घेणार का, प्लेसमेंटचा शब्द लेखी देणार का, आणि मागच्या बॅचच्या मुलांशी क्लासवाल्यांच्या गैरहजेरीत बोलता येईल का. टाळाटाळ झाली तर उठा. नोकरी लावण्यासाठी कोणी पैसे मागत असेल, "बॅकडोअर" म्हणत असेल, तर ती फसवणूक आहे. अनुभवाचा खोटा दाखला घेऊ नका. कंपन्या पार्श्वभूमी तपासताना पीएफच्या नोंदी बघतात, दोन वर्षांचा अनुभव दाखवला आणि पीएफच्या यूएएन नंबरवर एकही महिना नाही, हे लगेच उघडं पडतं. लागलेली नोकरी त्यानं जाते.

रिझ्युमेवर "एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट, रिॲक्ट, नोड" अशी माळ सगळेच लावतात. तुम्ही त्याऐवजी असं लिहा: "वर्कशॉपमधल्या गेजच्या कॅलिब्रेशनची मुदत दाखवणारं वेबपेज. मुदत संपलेली गेज आपोआप वर येतात. दिवस-महिना अदलाबदलीची चूक शोधून दुरुस्त केली." मुलाखतीत याच्यावरच प्रश्न येतील, आणि त्यातल्या एकाचंही उत्तर पाठ करावं लागणार नाही. मामांच्या शॉपमध्ये पान खरोखर वापरलं जात असेल, तर मालकांना लेटरहेडवर चार ओळी लिहून मागा, काय केलं आणि कधीपासून वापरात आहे एवढंच. खाली पानाची आणि गिटहबची लिंक द्या, आणि अर्ज पाठवण्याआधी ती लिंक स्वतःच्या सोडून दुसऱ्या कोणाच्या तरी मोबाइलवर एकदा उघडून बघा.